डॉ. द्वारकानाथ कोटणीस : अपुरं राहिलेलं पाठ्यपुस्तक



दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला होता. आपल्या शिर्डीपासून जवळच, आपल्याच राहाता तालुक्यातल्या लोणीला तो एम.बी.बी.एस. करतोय. सध्या त्याची सर्जरीची पोस्टिंग चालू आहे. म्हणजे रोज सकाळी शस्त्रक्रिया विभागाच्या वॉर्डात जायचं, पेशंटशी बोलायचं, तपासायचं, सरांना केस सांगायची आणि जमेल तेव्हा ऑपरेशन थिएटरात मागे उभं राहून बघायचं. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत एक जाडजूड ग्रंथ होता, एक छोटं मॅन्युअल होतं आणि सिनियर मुलांच्या हातच्या नोट्सची झेरॉक्स होती. त्या झेरॉक्सच्या कडा वापरून वापरून काळ्या पडल्या होत्या.

मी त्याला विचारलं, एवढ्या तिन्हीचं काय काम? त्याने फार सोपं उत्तर दिलं. मोठा ग्रंथ समजण्यासाठी, मॅन्युअल पेशंटसमोर काय काय तपासायचं ते आठवण्यासाठी, आणि नोट्स परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी.

त्याचं बोलणं ऐकताना मला एका मराठी डॉक्टरांची आठवण झाली. त्यांनीही असंच एक पुस्तक लिहिलं होतं, शस्त्रक्रिया शिकणाऱ्या मुलांसाठी. पण ते मराठीत नव्हतं आणि इंग्रजीतही नव्हतं. ते होतं चिनी भाषेत. ते लिहिलं गेलं युद्ध चालू असताना, डोंगरातल्या एका खेड्यात. त्याचा दुसरा भाग लिहिता लिहिता लेखकच गेले. ते डॉक्टर म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. आजच्या पाठात त्यांची ओळख करून घेऊया.

बालपण आणि शिक्षण

द्वारकानाथ यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापूरला झाला. घर मध्यमवर्गीय. दोन भाऊ आणि पाच बहिणी असा मोठा परिवार. सोलापूर म्हणजे कापड गिरण्यांचं गाव. मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषा तिथल्या गल्लीबोळांत एकाच वेळी कानावर पडतात. पुढे या मुलाला एक अगदीच परकी भाषा शिकून तिच्यात शिकवायचं होतं, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसणार.

शालेय शिक्षणानंतर ते मुंबईला गेले आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात दाखल झाले. आज आपण त्याला जी.एस. मेडिकल कॉलेज म्हणतो. परळचं के.ई.एम. रुग्णालय हे त्याचंच. ही संस्था 1926 मध्ये सुरू झाली. तिची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या काळात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मोठ्या जागांवर इंग्रज डॉक्टर असत. जी.एस. साठी देणगी देणाऱ्यांनी मात्र अटच घातली होती, की इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असतील. आपली माणसं शस्त्रक्रिया करू शकतात आणि ती दुसऱ्याला शिकवूही शकतात, हे या कॉलेजातली मुलं रोज डोळ्यांनी बघत होती. द्वारकानाथ त्यांच्यापैकीच एक.

डॉक्टरकीची पदवी हातात आली. पुढच्या, पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू होती. सरळ रस्ता समोर होता. आणि तेवढ्यात एक हाक आली.

चीनमधून आलेली हाक

1937 मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. शहरं पडत होती, लाखो माणसं बेघर होत होती, आणि जखमींवर उपचार करायला डॉक्टर नव्हते. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधांची मदत मागितली. 1938 मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केलं. आपला देश तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता, तरी लोकांनी पैसे दिले. सुमारे 22,000 रुपयांचा निधी जमला, एक रुग्णवाहिका मिळाली आणि पाच डॉक्टरांचं पथक तयार झालं.

त्या पाच जणांची नावं वहीत लिहून ठेवा. पथकप्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल, नागपूरचे डॉ. मो. रा. चोळकर, कोलकात्याचे डॉ. बिजय कुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. म्हणजे पाचातले दोन आपल्या आजच्या महाराष्ट्रातले.

द्वारकानाथ तेव्हा जेमतेम 27 वर्षांचे होते. घरात मोठा परिवार, मिळवत्या वयाचा शिकलेला मुलगा, आणि तो निघाला युद्धावर! आईचा जीव कासावीस झाला असेल, यात नवल नाही. पण वडील पाठीशी उभे राहिले. 1 सप्टेंबर 1938 रोजी मुंबईच्या बंदरातून बोट सुटली. त्याच महिन्यात पथक चीनच्या कँटन शहरात पोचलं.

सुरुवातीचे काही महिने या पथकाने हांकौ, यिचांग, चुंगकिंग अशा शहरांतल्या रुग्णालयांत काम केलं. चुंगकिंगमध्ये पाचही जणांना चिनी नावं मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर होतं. त्याचा अर्थ चीन. कोटणीस झाले 'के दिहुआ'. आजही चीनमध्ये लोक त्यांना याच नावाने ओळखतात.

इथेच त्यांना घरून वाईट बातमी कळली. वडील गेले होते. सोबतच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी परत जा, तुला कुणीही दोष देणार नाही. आणि खरंच, दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण द्वारकानाथ परतले नाहीत. हाती घेतलेलं काम अजून सुरूही झालं नव्हतं, ते टाकून जाणं त्यांना पटलं नाही.

मित्रांनो, थोरांच्या चरित्रात अशी वाक्यं आपण पटकन वाचून पुढे जातो. जरा थांबून विचार करा. बाप गेला, आणि आपण हजारो मैल लांब. अंत्यदर्शन नाही, आईला धीर देता येत नाही. हा निर्णय सोपा नव्हता आणि त्याची किंमत सोलापूरच्या घरानेही मोजली.

डोंगरातली वाट

12 फेब्रुवारी 1939 रोजी पथक येनानला पोचलं. हा भाग पिवळ्या मातीच्या डोंगरांचा. त्या मातीत गुहा खोदून लोक राहायचे, आणि रुग्णालयही अशाच गुहांमध्ये होतं. त्याच वर्षी चोळकर आणि मुखर्जी भारतात परतले. वर्षाच्या अखेरीस उरलेले तिघे आघाडीकडे निघाले. नंतर डॉ. अटल यांनाही आजारपणामुळे परतावं लागलं. 1940 मध्ये बसू आणि कोटणीस उत्तर चीनमधल्या, जपानी सैन्याने वेढलेल्या डोंगराळ भागात शिरले. पुढे बसूही येनानला परत गेले. कोटणीस मात्र तिथेच राहिले.

या भागात त्यांच्या आधी एक मोठे परदेशी सर्जन काम करून गेले होते, कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून. जखमी सैनिक मागच्या रुग्णालयात पोचेपर्यंत मरतो, म्हणून डॉक्टरनेच जखमीजवळ गेलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. खेचरांवर शस्त्रक्रियेचं सामान लादून ते आघाडीजवळ जात. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला छोटीशी जखम झाली. ती चिघळली, विष रक्तात भिनलं आणि 12 नोव्हेंबर 1939 रोजी ते गेले. एवढा निष्णात सर्जन, आणि बोटाच्या जखमेने गेला! तेव्हा पेनिसिलीन नव्हतं. पेनिसिलीनचं औषध आजारी माणसाला पहिल्यांदा टोचून बघितलं गेलं ते 1941 मध्ये, इंग्लंडमध्ये. चीनच्या त्या डोंगरात ते कुठून येणार?

बेथ्यून यांनी जाण्यापूर्वी एक फार महत्त्वाची गोष्ट ओळखली होती. परदेशातून आलेला एकटा डॉक्टर कितीही राबला तरी पुरा पडणार नाही. इथल्याच मुलांना शिकवलं पाहिजे. त्यांच्या मृत्यूच्या थोडं आधी, 1939 मध्येच, सैन्याची वैद्यकीय शाळा सुरू झाली होती. पुढे तिला बेथ्यून यांचंच नाव दिलं गेलं. या शाळेत कोटणीस शस्त्रक्रिया शिकवू लागले. जानेवारी 1941 मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. वय होतं 30.

वर्ग कसा होता?

आता खरी गोष्ट सुरू होते.

डोळ्यांसमोर आणा. होपेइ प्रांतातल्या थांग परगण्यातलं गेगोंग नावाचं खेडं. हिवाळ्यात पाणी गोठेल एवढी थंडी, आणि शिकवणारा सोलापूरच्या उन्हात वाढलेला. जेवायला राळ्याचा भात किंवा पेज. समोर बसलेली मुलं बहुतेक शेतकरी घरांतली, वयाने लहान, शाळा थोडीच शिकलेली. त्यांना ना इंग्रजी येतं, ना शरीराच्या आतलं चित्र त्यांनी कधी बघितलंय. जपानी सैन्य गावांवर धाडी घालायचं. धाड आली की रुग्णालय आणि शाळा, दोन्ही उचलून दुसऱ्या गावात न्यायची. जखमींना माणसांनी खांद्यावरून वाहायचं.

अशा मुलांना थोड्या महिन्यांत एवढं तयार करायचं, की त्यांनी जखमी माणसाचा जीव वाचवावा. निदान स्वतःच्या हाताने तो घालवू नये!

कोटणीस स्वतः मुंबईत इंग्रजीतून शिकले होते. त्यांच्या डोक्यातलं सगळं शास्त्र इंग्रजी शब्दांत होतं. दुभाषा मध्ये ठेवून शिकवता आलं असतं. पण शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ दुभाष्याचं काय काम? चिमटा दे म्हणायचं आणि ते दुसऱ्याने भाषांतर करून सांगायचं, तोवर रक्त वाहून जाईल. म्हणून त्यांनी चिनी भाषा शिकायला घेतली. नुसती बोलायला पुरेल एवढी नाही, लिहायला आणि वाचायलाही. चिनी लिपीत आपल्यासारखी बाराखडी नसते. एकेका अक्षराचं वेगळं चित्र लक्षात ठेवावं लागतं. दिवसभर वॉर्ड आणि ऑपरेशन, आणि त्यातून वेळ काढून ही अक्षरं गिरवणं. पुढे ते चिनीतूनच वर्ग घेऊ लागले.

मोठी लढाई पेटली की वर्ग बाजूला ठेवावा लागे. 1940 मधल्या एका लढाईत त्यांनी सलग 72 तासांपर्यंत झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या आणि त्या लढाईत आठशेच्या वर जखमींवर उपचार केले, असं त्यांच्या चरित्रात नोंदवलं जातं. आपल्याला हा आकडा लगेच मोठा वाटतो. पण त्या माणसाने त्या तीन रात्रींत काय शिकलं असेल, ते बघा. दोनच हात आहेत, आणि रांग संपत नाही. आणखी हात तयार केल्याशिवाय इलाज नाही.

पुस्तक कशासाठी?

म्हणून त्यांनी पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. शस्त्रक्रियाशास्त्राचे परंपरेने दोन भाग पडतात. तसेच दोन भाग त्यांनी ठरवले.

पहिला भाग सामान्य शस्त्रक्रियाशास्त्राचा. यात शरीराच्या कुठल्याही भागाला लागू पडणाऱ्या गोष्टी येतात. जखम म्हणजे काय आणि ती भरते कशी, रक्तस्राव कसा थांबवायचा, शॉक कसा ओळखायचा, जंतुसंसर्ग कसा होतो, हत्यारं निर्जंतुक कशी करायची, भूल कशी द्यायची, मोडलेलं हाड कसं बांधायचं. हा पाया.

दुसरा भाग विशेष शस्त्रक्रियाशास्त्राचा. यात एकेक अवयव घेऊन पुढे जायचं. डोकं, मान, छाती, पोट, हातपाय. कुठे काय बिघडतं, कसं ओळखायचं, काय करायचं.

आजही आपल्या मेडिकल कॉलेजांत सर्जरीची पुस्तकं साधारण याच क्रमाने चालतात. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या पिशवीतला जाड ग्रंथ म्हणजे बेली आणि लव्ह यांचा. तो पहिल्यांदा 1932 मध्ये निघाला आणि अजून त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात. आधी सगळीकडे लागू पडणारी तत्त्वं, मग एकेक अवयव. हा क्रम मोडून चालत नाही.

का चालत नाही, याचं एक साधं उदाहरण देतो. गोळी किंवा बॉम्बच्या तुकड्याने झालेली जखम उघडी, घाणेरडी असते. नवशिक्याला वाटतं, ती पटकन शिवून टाकावी म्हणजे बरी होईल. वरून नीटनेटकी दिसते, घरच्यांनाही समाधान. पण आत माती, कपड्याचे धागे आणि मेलेलं मांस राहतं. हवा न मिळणाऱ्या त्या बंद जागेत जंतू वाढतात आणि दोन-चार दिवसांत पाय कापावा लागतो किंवा माणूस जातो. म्हणून युद्धातल्या जखमेचा नियम उलटा आहे. आधी भरपूर धुवायचं, मेलेला भाग कापून काढायचा, जखम उघडी ठेवायची, आणि ती स्वच्छ राहिली तरच काही दिवसांनी शिवायची. जो मुलगा फक्त सुई-दोरा चालवायला शिकला, तो या ठिकाणी चुकणार. ज्याला जखम भरते कशी हे कळलंय, तो चुकणार नाही. पेनिसिलीन नसलेल्या काळात तर हे कळणं हेच औषध होतं.

पहिल्या भागाचं महत्त्व इथे आहे. हाताला सवय लागायला गुरू शेजारी लागतो. पण गुरू दुसऱ्या गावात असेल, धाड पडली असेल आणि समोर जखमी असेल, तेव्हा वहीतलं पान कामाला येतं. आपण नसू तेव्हा आपल्या विद्यार्थ्याने काय करावं, एवढ्यासाठी शिक्षक लिहून ठेवतो. बेथ्यून यांच्या अचानक जाण्यानंतर ही गोष्ट त्या रुग्णालयात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

पहिला भाग कोटणीसांनी पूर्ण केला. दुसरा लिहायला घेतला.

संसार आणि शेवट

1940 मध्ये बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमाच्या वेळी त्यांची ओळख कुओ छिंगलान यांच्याशी झाली होती. त्या परिचारिका होत्या आणि बेथ्यून शाळेत परिचर्या शिकवत. पुढे दोघांची मैत्री वाढली आणि 1941 च्या अखेरीस त्यांनी लग्न केलं. 23 ऑगस्ट 1942 रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. बाळाला हे नाव तिथल्या सेनापतींनी, निए रोंगचेन यांनी सुचवलं होतं. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही झाले होते.

पण त्यांची तब्येत खालावत चालली होती. त्यांना अपस्माराचे म्हणजे फिट्सचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी दुसरीकडे जा, असं सहकाऱ्यांनी सुचवलं. ते गेले नाहीत. वॉर्ड चालू, वर्ग चालू, आणि रात्री लिहिणं चालू. 8 डिसेंबर 1942 च्या रात्री झटके सुरू झाले ते थांबले नाहीत. 9 डिसेंबरच्या पहाटे त्यांचं निधन झालं. वय अवघं 32. बाळ साडेतीन महिन्यांचं. दुसरा भाग अर्धाच राहिला.

इथे एक प्रश्न मला नेहमी टोचतो. त्यांनी उपचार घ्यायला जायला हवं होतं का? डॉक्टरने स्वतःच्या आजाराकडे दुर्लक्ष करावं, हे मी तुम्हाला आदर्श म्हणून सांगणार नाही. ते जगले असते तर पुस्तकही पुरं झालं असतं आणि बाळाला बापही मिळाला असता. त्यांच्या त्यागाचा मान ठेवूनही हे म्हणता येतं. पण मागे जखमींची रांग आणि पुढे अर्धवट शिकलेली मुलं असताना तिथून उठून जाणं त्यांना का जड गेलं असेल, तेही समजतं. दोन्ही बाजूंनी विचार करा. परीक्षेत याला एकच बरोबर उत्तर नाही.

त्यांच्यानंतर

त्यांचा दफनविधी चीनमध्येच झाला. आज शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. बेथ्यून यांचीही तिथेच आहे. कुओ छिंगलान पुढे अनेक वर्षं जगल्या, सोलापूर-मुंबईच्या कोटणीस परिवाराशी त्यांनी नातं जपलं, भारतातही येऊन गेल्या. 2012 मध्ये त्यांचं निधन झालं. यिनहुआसुद्धा वैद्यकीय शिक्षणाकडे वळला होता, पण 1967 मध्ये ऐन तारुण्यात गेला. त्या माउलीने नवरा आणि मुलगा दोघांनाही निरोप दिला.

आपल्याकडे ही गोष्ट घरोघरी पोचवली ती ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकाने आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये काढलेल्या 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' या चित्रपटाने. शांताराम यांनी स्वतः कोटणीसांची भूमिका केली होती. चित्रपटात ते साथीच्या रोगावर औषध शोधताना स्वतःच्या शरीरावर प्रयोग करतात असं दाखवलंय. तो कथेसाठी घेतलेला भाग. एक माणूस दिव्याच्या उजेडात बसून परक्या लिपीत मुलांसाठी नोट्स लिहितोय, हे पडद्यावर दाखवायला फार रंगतदार नाही. खरं काम मात्र बऱ्याचदा असंच असतं.

चीनने 1982 मध्ये आणि भारताने 1993 मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. सोलापुरात त्यांचं स्मारक आहे. सोलापूरला गेलात तर जरूर बघा. आणि शिच्याच्वांगमध्ये त्यांच्या नावाची एक वैद्यकीय शाळा चालते. म्हणजे वर्ग बंद पडला नाही.

यातून आपण काय शिकायचं?

तुमच्यातले काही जण नीटची तयारी करताय. उद्या लोणीला, नगरला, संभाजीनगरला किंवा मुंबईला मेडिकलला जाल. तिसऱ्या वर्षाला वॉर्डात उभं राहाल, तेव्हा तुमच्याही पिशवीत तीन-चार पुस्तकं असतील. म्हणून तीनच गोष्टी सांगतो.

एक. चांगली नोट्स कुणाची? जी आपल्या शेजाऱ्याला समजते त्याची. कोटणीसांना इंग्रजीत लिहिणं सोपं होतं, पण ते वाचणाऱ्यांच्या भाषेत लिहायला शिकले. तुम्हाला एखादा धडा समजला, तर तो मराठीत, आपल्या शब्दांत, मागच्या बाकावरच्या मित्राला सांगून बघा. तो समजला तरच तुम्हाला समजला.

दोन. वही पेशंटच्या जागी येत नाही. पुस्तक वॉर्डात नेण्यासाठी असतं, वॉर्ड टाळण्यासाठी नसतं. पोटात दुखणारा माणूस समोर झोपलेला असताना खाली मान घालून नोट्स वाचणाऱ्या मुलाला काही दिसत नाही. आधी त्याला नाव विचारा, कधीपासून दुखतंय ते विचारा, हात लावण्याआधी नीट बघा. मग वॉर्डाबाहेर येऊन पान उघडा आणि आपलं काय राहिलं ते तपासा.

तीन. आपण शिकलो ते मागच्यासाठी ठेवून जा. सिनियरने दिलेली काळ्या कडांची झेरॉक्स तुम्ही वापरता, तर तिच्यातली एखादी चूक दुरुस्त करून, एखादं पान वाढवून ती पुढे द्या. सगळं पुरं करून कुणीच जात नाही. कोटणीसांचंही पुरं झालं नव्हतं.

तो माजी विद्यार्थी निघताना मी त्याला कोटणीसांची ही गोष्ट सांगितली. त्याने नाव ऐकलं होतं, चित्रपटही ठाऊक होता, पण पुस्तकाचं माहीत नव्हतं. थोडा वेळ गप्प बसला. मग पिशवीतली झेरॉक्स काढून म्हणाला, की यातलं भाजलेल्या रुग्णांचं प्रकरण फार गिचमिड झालंय, ते तो पुढच्या बॅचसाठी नीट लिहून काढणार आहे.

स्वाध्याय

1. डॉ. कोटणीस यांनी चिनी भाषा लिहायला-वाचायलाही का शिकून घेतली? तुमच्या शब्दांत लिहा.
2. सामान्य शस्त्रक्रियाशास्त्र आणि विशेष शस्त्रक्रियाशास्त्र यांत काय फरक आहे?
3. युद्धातली जखम लगेच का शिवत नाहीत? कारण सांगा.
4. कोटणीसांनी उपचारासाठी जायला हवं होतं की नाही? दोन्ही बाजू मांडून आठ-दहा ओळी लिहा.
5. तुम्हाला चांगला येणारा एक धडा निवडा आणि तुमच्यापेक्षा एक इयत्ता मागे असलेल्या मुलाला समजेल अशी एक पानाची नोट तयार करा.